गंभीर जखमी: एका पादचारी मृत्यूचे चार कागद

पूर्व उपनगरातल्या एका लिंक रोडवर, पहाटे सहाच्या आत, रस्ता ओलांडणाऱ्या ६२ वर्षांच्या बाईला मोटारसायकलची धडक बसली. तेविसाव्या दिवशी ती वारली. मुंबई पोलिसांच्या यादीत ती आजही ‘गंभीर जखमी’ आहे. महापालिकेच्या मृत्यू नोंदणीत तिचं नाव नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या गावात ती गेली, तिथल्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नावापुढे ‘आजार’ लिहिलंय. रुग्णालयाच्या संगणकात ती खुब्याचं हाड मोडलेली आणि विनंतीवरून घरी सोडलेली पेशंट आहे.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. विद्यार्थ्यांना आजारांची मोजणी शिकवताना आम्ही क्षय, मलेरिया, डेंग्यू घेतो. रस्त्यावर चालताना मेलेली माणसं मोजायचं काम मात्र पोलिसांचं, असं सगळे धरून चालतात. हे प्रकरण मी वर्गात घेते ते त्यासाठी. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

घटना

काकी (चाळीत सगळे तिला काकी म्हणत, इथेही तेच) एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. साडेसहाला तवे तापायचे, म्हणजे सहाच्या आत घर सोडायचं. वस्ती रस्त्याच्या एका अंगाला, बसस्टॉप दुसऱ्या. मधे सहा पदरी रस्ता, डोक्यावर उड्डाणपूल, पुलाखाली काळोख. सिग्नलपर्यंत जायचं तर आठ-दहा मिनिटं उलट चालायचं. पादचारी पूल आहे, पण काकीचे गुडघे गेलेले. दुभाजकाचं रेलिंग एका ठिकाणी कुणीतरी कापलंय, आणि अख्खी वस्ती तिथूनच ये-जा करते. शाळेची पोरंसुद्धा.

मोटारसायकलवाला पळाला नाही. विशीतला मुलगा, डिलिव्हरीचं काम करणारा. त्यानेच रिक्षा थांबवून काकीला जवळच्या छोट्या रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीत काय झालं विचारल्यावर मात्र म्हणाला, “रस्त्यात पडल्या.” केसपेपरवर लिहिलं गेलं: एच/ओ फॉल, म्हणजे पडल्याचा इतिहास. काकीचा फोन धडकेत फुटला होता, म्हणून मोबाइलच्या रकान्यात त्याने स्वतःचा नंबर दिला. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे सीटी स्कॅन नव्हतं, म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या कॅज्युअल्टीने रेफरल चिठ्ठीवरचा ‘फॉल’ तसाच उतरवून घेतला. मध्यरात्रीपासून ड्युटीवर असलेल्या रेसिडेंट डॉक्टरकडून वेगळी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलेलं आणि मेंदूच्या आवरणाखाली थोडा रक्तस्राव. डोक्याचं ऑपरेशन लगेच नको, लक्ष ठेवू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टरने सहज विचारलं, “कशा पडलात हो आजी?”

“पडले कुठली? गाडीने उडवलं मला!”

मग कागद बदलला. केसपेपरवर ‘आरटीए’ (रस्ते अपघात) आलं, ईपीआर नंबर (रुग्णालयातल्या पोलीस नोंदवहीचा क्रमांक) पडला, कॅज्युअल्टीतल्या पोलीस चौकीत नोंद झाली. काकीच्या मुलाने आधी ‘तक्रार नाही’ असं सांगितलं होतं, कारण तो डिलिव्हरीवाला रोज येऊन बसत होता आणि औषधांचे पैसे देतो म्हणत होता. खुब्यात बसवायच्या इम्प्लांटचा खर्च कळल्यावर दोघांच्याही हातापायांतलं बळ गेलं आणि तिसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. कलम १२५ (ब), म्हणजे त्यातून गंभीर दुखापत. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८४.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. सोडियम कमी, बीपी वर, भूलतज्ज्ञांची फिटनेस मिळेना. नवव्या दिवशी घरच्यांनी ठरवलं, गावाला नेऊ, तिथे करायला माणसं आहेत. सही करून डिस्चार्ज घेतला, भाड्याच्या गाडीत मागची सीट आडवी केली आणि काकी कोकणात गेली. तिथे ती अंथरुणालाच खिळली. हळूहळू गुंगीत राहू लागली, छाती भरली, आणि तेविसाव्या दिवशी पहाटे संपलं. डॉक्टर आला नव्हता. पोलीस पाटील मयतीला होते, खांदाही दिला. अपघातानंतरचा मृत्यू म्हणून पोलिसांना कळवायला हवं, शवविच्छेदन व्हायला हवं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मुलगा नंतर मला म्हणाला, “मॅडम, ती तर मुंबईची भानगड. गावात तिला आजारीच बघितलेलं सगळ्यांनी.”

चार कागद

पहिला कागद रुग्णालयाचा. आजार आणि इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, आयसीडी-१० मध्ये, प्रत्येक इजेला दोन बाजू असतात: शरीराचं काय मोडलं आणि कशाने मोडलं. खुब्याचं फ्रॅक्चर एस७२.०, आवरणाखालचा रक्तस्राव एस०६.५. हे दोन्ही काकीच्या डिस्चार्जमध्ये बरोबर आहेत. ‘कशाने’ साठी पादचाऱ्यांची वेगळी रांग आहे, व्ही०१ ते व्ही०९. दुचाकी किंवा तीनचाकीने धडक दिलेला पादचारी व्ही०२, मोटारीने दिलेला व्ही०३, ट्रक-बसने दिलेला व्ही०४. डिस्चार्जच्या कागदावर व्ही नव्हताच. हाड जोडणाऱ्याला ते कुठल्या चाकाने मोडलं याचा उपयोग नसतो. त्यामुळे रुग्णालयाच्या आकडेवारीत शेकडो मोडकी हाडं सापडतात, पण त्यातली किती माणसं चालत होती हे सापडत नाही.

दुसरा कागद एफआयआर. पादचारी आणि मोटारसायकल हा तपशील चारही कागदांत फक्त इथे स्पष्ट आहे. वेळ आहे, जागा आहे, उड्डाणपुलाचा खांब क्रमांकसुद्धा आहे. मृत्यू तेवढा नाही. जखमी माणूस नंतर दगावला की पोलीस कलमवाढ करतात. इथे १२५ (ब) च्या जागी १०६ (१), निष्काळजीपणाने मृत्यू, लागलं असतं. पण ती बातमी पोलीस ठाण्यात पोचायला हवी. तपास अधिकाऱ्यांना मी भेटले तेव्हा ते चिडले नाहीत, उलट हसले. “पेशंट रुग्णालयात दगावला तर चौकीतून मेसेज येतो. घरी दगावला तर आम्हाला कोण सांगणार? आम्ही काय गावोगाव फोन लावायचे?” बोलणं रास्त आहे. ते काम त्यांना कुणी दिलेलंच नाही.

तिसरा कागद ग्रामपंचायतीचा. मृत्यूच्या वृत्तात कारणाचा रकाना असतो आणि घरी झालेल्या मृत्यूत तो घरच्यांच्या सांगण्यावरून भरला जातो. देशभर २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलं होतं. काकी उरलेल्या साडेसत्त्याहत्तरांतली. वैद्यकीय नियम इथे स्पष्ट आहे. मृत्यूचं मूळ कारण म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने शेवटापर्यंतची साखळी सुरू केली ते, आणि इजा असेल तर ती ज्या परिस्थितीत झाली ती. शेवटचा घाव न्यूमोनियाचा होता, फुप्फुसात गेलेल्या गुठळीचा होता की डोक्यातला रक्तस्राव वाढला, हे शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही. यांपैकी काहीही असो, मूळ कारण व्ही०२ च राहतं.

चौथा कागद मुलाच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला मृत्यूचा दाखला. त्यावर कारण नसतंच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार अशा उताऱ्यावर कारण उघड करता येत नाही. तोच दाखला घेऊन तो नुकसानभरपाईसाठी वकिलाकडे गेला. वकिलाचा पहिला प्रश्न, “पीएम झालं का?” तिथेच बोलणं आटोपलं.

काकीची नोंद चार ठिकाणी झाली, आणि चारही ठिकाणी ज्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. एफआयआरमध्ये चालणं आहे, गावात मरणं आहे, रुग्णालयात मोडलेलं हाड आहे. तिन्ही एका ओळीत कुठेच येत नाहीत. पादचारी मृत्यू मोजायचा म्हणजे ती ओळ जुळवायची, आणि ते काम आज कुठल्याच खात्याचं नाही.

तीस दिवस

रस्ते अपघातातला मृत्यू म्हणजे अपघातापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, ही व्याख्या जगभर चालते आणि आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातही तीच आहे. काकी तेविसाव्या दिवशी गेली, म्हणजे व्याख्येत ती नीट बसते. व्याख्या लिहिली की मोजणी झाली, असं मात्र होत नाही. तीस दिवस माणसावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसली, तेव्हा मृतांचा आकडा पुढचे काही दिवस वाढत गेला आणि प्रत्येक वाढ वर्तमानपत्रांत आली, कारण सगळ्यांचं लक्ष तिथे होतं. पहाटे एकट्या बाईला बाईक लागते तेव्हा आकडा पहिल्या दिवशी जो पडला तोच राहतो.

मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू आहेत, त्यांत पादचारी ३२,८२५, म्हणजे साडेएकोणीस टक्के. मुंबईच्या रस्ते सुरक्षा अहवालांत मात्र मृतांपैकी निम्म्याच्या आसपास पादचारी असतात. मग मुंबई चालणाऱ्यांसाठी देशापेक्षा इतकी वाईट का? काही अंशी शहर आहे म्हणून: इथे चालणारे जास्त, आणि महामार्गावर समोरासमोर होणाऱ्या धडका कमी. पण मला मोठा भाग मोजणीचा वाटतो. भारताच्या महानिबंधकांच्या यंत्रणेतून झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन, ‘त्याआधी काय झालं होतं’ असं विचारत मृत्यूची कारणं शोधली. त्यातून २००५ सालासाठी देशात १,८३,६०० रस्तामृत्यूंचा अंदाज निघाला, पोलिसांच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. त्यात पादचारी ६८,०००, म्हणजे ३७ टक्के. पोलिसी यादीतून जी माणसं गळतात त्यांत चालणारे जास्त, असं यावरून दिसतं. अपघातात मोटार असेल तर विमा असतो, विम्यासाठी कागद लागतो, कागदासाठी एफआयआर. चालणाऱ्याच्या बाजूने कागदाची गरज कुणालाच नसते. काकीच्या घरी त्या यंत्रणेचा माणूस गेला असता तर गावातही खरं उत्तर मिळालं असतं, कारण गाडीने उडवलं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तसं विचारणारं कुणी आलं नाही.

विद्यार्थी इथे नेहमी एक सुचवतात: दोन याद्या जुळवा. पोलिसांची यादी आणि रुग्णालयाची यादी घ्या, दोन्हींत असलेली नावं मोजा, आणि त्यावरून दोन्हींत नसलेल्यांचा अंदाज काढा. समजा पोलिसांकडे ६०, रुग्णालयाकडे ५० आणि सामायिक ३०, तर एकूण अंदाजे १००. म्हणजे २० माणसं कुणाच्याच कागदावर नाहीत. कराचीत ही पद्धत वापरून केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की सरकारी नोंदीत ५६ टक्के मृत्यू येतात आणि गंभीर जखमींपैकी अवघे ४ टक्के. पद्धत चांगली आहे, पण तिची अट अशी की दोन याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. मुंबईत पोलिसांना बहुतेक बातमी रुग्णालयाच्या चौकीतूनच जाते. म्हणजे रुग्णालयाच्या यादीत आलेला माणूस पोलिसांच्या यादीतही असण्याची शक्यता वाढते, सामायिक नावं फुगतात आणि सुटलेल्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. शिवाय नावं जुळवणं हा वेगळाच वैताग. काकी रुग्णालयात माहेरच्या नावाने, एफआयआरमध्ये सासरच्या, आणि वयात चार वर्षांचा फरक. ईपीआर नंबर दोन्हीकडे होता म्हणून जुळली.

मोजणीचा छेद, म्हणजे मृत्यूंना कशाने भागायचं तो आकडा, कोणता, हाही वाद आहे. दर दहा हजार वाहनांमागे मृत्यू काढले तर मुंबई दरवर्षी सुधारताना दिसेल, कारण वाहनं वाढतायत. छेद फुगला की दर उतरतो. चालणाऱ्याला त्याचा काय उपयोग? एमएमआरडीएच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत होत्या. छेदात त्या फेऱ्या घ्यायला हव्यात. त्या दरवर्षी कुणी मोजत नाही, म्हणून निदान लाख लोकसंख्येमागे दर काढावा आणि वाहनांमागचा दर पादचाऱ्यांसाठी वापरू नये, एवढं मी आग्रहाने सांगते.

रेल्वेचा मुद्दा थोडक्यात. काकी रस्त्याऐवजी रूळ ओलांडताना गेली असती तर लोहमार्ग पोलिसांनी तिची नोंद त्याच दिवशी केली असती. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि तो आकडा बऱ्यापैकी पुरा असतो, कारण देह रुळांवरच मिळतो आणि गाड्या थांबतात. आयसीडीत रूळ ओलांडणाराही पादचारीच, व्ही०५. शहराच्या पादचारी मृत्यूंच्या चर्चेत तो कधी येत नाही.

रस्ता

मोजणी चुकली की रस्ता चुकीचा दिसतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली ब्लॅकस्पॉटची, म्हणजे अपघातप्रवण जागेची, व्याख्या शहरातही चालवली जाते: साधारण ५०० मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. ही चौकट वळणावर, घाटात, चौकात ठीक आहे. वस्तीला लागून जाणाऱ्या लिंक रोडवर माणसं एका जागी मरत नाहीत. जिथे रेलिंग कापलंय तिथे एक, पुढच्या बसस्टॉपसमोर एक, मशिदीच्या गल्लीपाशी एक. चार किलोमीटरमध्ये विखुरलेले मृत्यू एकही ब्लॅकस्पॉट तयार करत नाहीत. नकाशावर रस्ता स्वच्छ दिसतो, निधी चौकाला जातो.

त्या जागी मी पहाटे जाऊन उभी राहिले. दिवसा त्याच रस्त्यावर गाड्या गोगलगाईसारख्या सरकतात, म्हणून लोकांना वेगाचा मुद्दा पटत नाही. पहाटे रस्ता रिकामा असतो, उड्डाणपुलावरून उतरणारी गाडी वेगातच खाली येते आणि खांबाच्या आडून माणूस बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची जोखीम ४ टक्क्यांनी वाढते, आणि मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की समोरून धडक बसलेला पादचारी मरण्याची जोखीम साडेचार पट होते. एफआयआरमध्ये वेगाविषयी फक्त ‘भरधाव’ आहे. पुलाखालचे दिवे, कापलेलं रेलिंग, बसस्टॉप आणि सिग्नलमधलं अंतर यांना रकानाच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला दोनच गुन्हेगार दिसतात, एक बाईकवाला आणि दुसरी ‘मधूनच रस्ता ओलांडणारी’ काकी.

पुढे काय झालं

प्रकरण उघडकीला आलं ते योगायोगाने. सहा आठवड्यांनी फॉलोअपला न आलेल्या पेशंटना समाजसेवा अधिकारी फोन लावतात. काकीच्या नावापुढचा नंबर लावला तर तो डिलिव्हरीवाल्याने उचलला. “ताई, त्या कशा आहेत मलाच माहीत नाही. त्यांच्या मुलाने माझा फोन घेणं सोडलंय.” त्याच्याकडून मुलाचा नंबर मिळाला, मुलाकडून बातमी.

मुलाने गावचा मृत्यूचा दाखला पोलीस ठाण्यात नेऊन दिला. तपास अधिकाऱ्यांनी रुग्णालयाला पत्र लिहून विचारलं की मृत्यू अपघातातल्या इजांमुळे झाला असं म्हणता येईल का. उत्तर गेलं: शवविच्छेदन न झाल्याने मृत्यूचं निश्चित कारण सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. गुन्ह्याला संशयापलीकडचा पुरावा लागतो. सार्वजनिक आरोग्याला इतका पुरावा लागत नाही, ‘बहुधा यामुळेच’ एवढ्यावर आम्ही मोजतो, कारण आमच्या मोजणीने कुणी तुरुंगात जात नाही. आज मात्र शहराचा आकडा पहिल्या मापाने ठरतो. कलमवाढ झाली नाही तर मृत्यूही वाढत नाही.

पोलीस, परिवहन, आरोग्य आणि रस्ते खाती एकाच अपघाताची माहिती भरतील अशी ई-डार नावाची राष्ट्रीय प्रणाली आहे. तिची आधीची आवृत्ती आयआयटी मद्रास आणि केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने तयार केली. आरोग्य खात्याच्या भागात तिसाव्या दिवसाची स्थिती भरण्याची सक्ती केली तर काकीसारख्या बऱ्याच जणी यादीत येतील. ती भरायला वॉर्डात माणूस लागेल, आणि रेसिडेंटच्या गळ्यात हेही काम टाकलं तर तिथे ‘फॉल’च लिहिलं जाईल. रस्ते सुरक्षेच्या पैशातून हा एक पगार निघावा असं माझं मत आहे. बैठकीत हे बोलले की सगळे हेल्मेटकडे वळतात.

आमच्या विभागाने तूर्त छोटी गोष्ट केली. ऑर्थो आणि न्यूरोसर्जरीत इजा होऊन दाखल झालेल्या प्रत्येकाला समाजसेवा अधिकारी दोन प्रश्न विचारतात: लागलं तेव्हा तुम्ही चालत होता का, आणि तुम्हाला रुग्णालयात कुणी आणलं? केसपेपरवर आता दोन नंबर घेतात, एक घरचा आणि एक गावचा, आणि लिहून घेण्याआधी तिथेच लावून बघतात. तिसाव्या दिवशी फोन जातो. गावच्या नंबरावर बहुतेक वेळा पहिल्या रिंगला कुणी उचलत नाही. संध्याकाळी पुन्हा लावावा लागतो.